जखमेशी बोलणारी बाई

निजामाच्या राज्यात सेलूच्या सरकारी दवाखान्यात पट्ट्या बांधणारी एक बाई होती. ती माणसाशी न्हाई, जखमेशी बोलायची.

मी कापसाच्या जिनिंगमधला हमाल. नडगी फाटली तवा फुकटचा कापूस म्हणून सरकीसकट मूठभर जखमेत कोंबला. दोन-चार दिसांत पाय भोपळ्यावानी सुजला. आता पाय कापतेत, ह्या भ्यानं दवाखान्यात गेलो.

बाई कोमट पाण्यानं कापसाचा एकेक धागा सोडवीत जखमेला म्हणली, "कोणत्या येड्याच्या पायात आलीस गं? पाणी गळायलंय, वास बी यायलाय. तुला मिठाच्या पाण्याची पट्टी पायजे."

मी म्हणलो, "बाई, कोरडीच बांधा की. लवकर सुकंल."

"तुला कोण इचारायलंय?"

रोज जखमेचं ऐकून पट्टी बदलायची. पाणी थांबलं तवा तेलात भिजवलेली कापडाची जाळी लावली. "नवं मांस यायलंय, आता चिकटायचं न्हाई गं." मला माझ्याच जखमेचा हेवा वाटायचा. पाय वाचला.

पुढं बाजारात बाई दिसली. रामराम घातला तर वळखलंच न्हाई. मग भर बाजारात धोतर वर करून नडगी दाखवली. बाई वाकली, वणावरून बोट फिरवून हसली.

"अगं, तू व्हय! बरी हायेस का? अन् ह्यो येडा अजून तुझ्यासंगंच हाय?"