पेढे, गोळी आणि परसातलं अळू

माझ्या सासऱ्यांना लघवी झाली, त्या दिवशी आम्ही रोह्यात पेढे वाटले.

हसू नका! हर्नियाच्या ऑपरेशननंतर मामांचं (म्हणजे सासऱ्यांचं) मूत्राशय रुसलं ते रुसलंच. डॉक्टरांनी सकाळी लघवीची नळी काढली, गोळ्या दिल्या आणि बजावलं, "संध्याकाळपर्यंत नाही झाली, तर परत नळी!" धाटावच्या कंपनीत माणसं थरथरायची मामांपुढे, पण नळी म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी पेणला शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे गप्प बसणं जमत नाही. "मामा, शरीरात एक आरामाची चेतासंस्था असते. परानुकंपी! तिच्या टोकांतून एक रसायन सुटतं. त्यानं लाळ येते, आतडी हलतात, मूत्राशय आवळतं. ही गोळी त्या रसायनाचं सोंग घेते. मूत्राशयाला वाटतं, वरूनच हुकूम आला!"

"येवढी साधी हाय, तर आधी तुम्ही घ्या."

"मी?"

"व्हय! तुमाला काय नाय झालं तर मी घेतो."

"अहो, नको हं," बायको म्हणाली. पण सासरी माघार कोण घेणार? रिकाम्या पोटी गिळली! मी जिवंत आहे हे बघून मामांनीही घेतली आणि परसातल्या संडासात जाऊन बसले.

थोड्या वेळानं मला घाम फुटला. तोंडात लाळ मावेना. डोळे वाहायला लागले.

"सुनंदा, बघ गो," सासूबाई गहिवरल्या, "जावयांची किती माया तुझ्या बापावर!"

मग पोटात गुडगुडलं आणि खाली हुकूम पोचला. मी धावलो. दाराला आतून कडी!

"मामा, उघडा!"

"थांबा हो, येतेय असं वाटतंय!"

"मला आलीच आहे!"

"आता उठलो तर परत रुसंल ती!"

समोर सासूबाईंनी जिवापाड वाढवलेलं अळू होतं. मी डोळे मिटले. आणि नेमकी तेव्हाच आतून आरोळी आली, "झाली गो, झाली!" सासूबाईंनी हात जोडले. सुनंदा रडली. अळवात उभा मीही रडलो. (गोळीनं की आनंदानं, देव जाणे.)

"कसले गो पेढे?" संध्याकाळी पेढा हातात घेत शेजारणीनं विचारलं.

"आमच्या ह्यांना झाली!" सासूबाई म्हणाल्या. मग जावयाचा मान राखायला म्हणून, "जावयांना पन! आमच्या अळवात!"

नळी काही परत लागली नाही. मामा ठणठणीत आहेत. मी सासरी गेलो की अळूचं फदफदं ठरलेलं. सगळे मिटक्या मारत खातात. माझा मात्र नेमका त्या दिवशी उपास असतो!