बाबांच्या ताटात भाकरी का नाही?

आज रविवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, डहाणूत माझ्याच घरी माझ्या नाचणीच्या भाकरीचा अपमान झाला.

चार वर्षांची नात इरा राहायला आलीय. तिला मी भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. माझे चिरंजीव स्टेशनजवळून आणलेल्या नूडल्स खाता खाता लेकीला म्हणतात, "खा बेटा, भाकरीने ताकद येते."

"बाबा, मग तू का नाही खात?"

"मी मोठा आहे ना."

"मग मीपण आजपासून मोठी!" तिने ताट सरकवलं.

मी चिरंजीवांकडे पाहिलं, तर म्हणाले, "आई, जबरदस्ती नको. पुढच्या वेळी तिचा डबाच घेऊन येऊ."

आजीच्या घरी येताना डबा?

मैत्रिणींनो, मुलं आईबापांचं बघून खातात, मान्य. पण हाच मुलगा लहानपणी माझ्या शेजारी बसून हीच भाकरी मिटक्या मारत खायचा. मग तो कुणाचं बघून बिघडला? मला खरंच कळत नाहीये. तुम्हाला कळलं तर सांगा.

आणि चिरंजीव, तुम्ही हे वाचताय, मला ठाऊक आहे. आईची भाकरी कधीपासून नकोशी झाली? उद्या संध्याकाळी सहाच्या आत इथेच लेखी उत्तर हवं. नुसता इमोजी चालणार नाही.