जोमादादाचा पाचवा बार

जोमादादाची आणि माझी ओळख झाली ती त्याच्या हातची थोबाडीत खाऊन. ओवे गावाच्या अलीकडे एका वाडीवरच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. शाळेला पाणी नव्हतं. टँकर आला तर आला. त्या वर्षी दिवाळीनंतर गावाने मैदानाच्या कोपऱ्यात विहीर काढायला घेतली आणि काळा पाषाण लागल्यावर सुरुंग लावायला जोमादादाला बोलावलं. मी नुकताच पनवेलहून आलेला शहाणा. दोरी बांधलेली दिसत असूनही ती ओलांडून आत डोकवायला गेलो. कानाखाली असा जाळ निघाला की चष्मा कुठे उडाला ते कळलं नाही. सातवीचा अख्खा वर्ग खिडकीत होता. पाठोपाठ जमीन हादरली आणि एकामागून एक पाच बार उडाले. धुरळा बसल्यावर त्यानेच माझा चष्मा शोधला, बनियनला पुसला आणि म्हणाला, "मास्तर, दोरी काय कपरं वालत घालाला बांदली नाय."

दोरीच्या आत येणाऱ्याला तो विचारत नसे, मारत असे. सरपंचाने खाल्ली होती, पूजेला आलेल्या भटजींनीही खाल्ली होती. माणूस साठीचा, बुटका, डाव्या हाताला दोनच बोटं. कपाळात दगडाच्या बारीक कपच्या रुतून निळ्या पडलेल्या. वैशाखात तापलेल्या खडकावरही अनवाणी फिरायचा. कुणी चपलांचा विषय काढला की म्हणायचा, "चपला घातल्या का मानूस बहिरा होतो." आम्ही हसायचो.

त्याची कामाची रीतही निराळी. वाती पेटवून वर आला की मुठीत जितके बार तितके खडे घ्यायचा. एक बार उडाला की एक खडा टाकायचा. मूठ रिकामी झाली तरच माणसं खाली उतरणार. एक जरी खडा उरला तरी दुसऱ्या दिवसापर्यंत दोरी सुटत नसे. आणि सगळे विहिरीत वाकून बघत असताना हा मात्र सगळ्यात लांब उडालेला दगड शोधून तो गालाला लावायचा. "खड्ड्यात काय बघता? आतली गोष्ट वर उडालेला दगूड सांगतो," असं त्याचं म्हणणं.

म्हणूनच, आपल्या यानाने एक पेटी चंद्रावर मुद्दाम आदळवली ती बातमी मी त्याला जाऊन सांगितली. पुढेमागे तिथे पाणी सापडावं म्हणून हा खटाटोप आहे, म्हटलं. त्याला जराही नवल वाटलं नाही. मारल्याशिवाय दगड बोलत नाही, हे त्याला आयुष्यभर माहीत होतं. त्याने एवढंच विचारलं, "बार मोजला कोनी?"

"चंद्रावर हवा नाही, दादा. आवाजच होत नाही."

 तो म्हणाला, "लय बरं. माजे कान नसते तं पांडू जगला असता."

पांडू त्याचा धाकटा भाऊ. दोघे मिळून विहिरी फोडायचे. उलव्याकडच्या एका विहिरीत पाच बार भरले होते. जोमादादाने पाच आवाज ऐकले आणि "उतर" म्हणाला. त्यातला एक आवाज डोंगरापलीकडच्या खडीच्या क्वारीतला होता. पांडूने खाली जाऊन पहार मारली ती जिवंत बारावर. "टोपलीत भरून वर कारला त्याला," जोमादादा म्हणाला. त्या दिवसापासून तो अनवाणी उभा राहून पायानं बार मोजू लागला. लांबचा आवाज कानाला फसवतो, पायाला फसवत नाही, हे त्याने पुरतं ताडून पाहिलं होतं.

पुढे माझ्या ध्यानात आलं की हाक मारली तर तो वळत नाही, टाच आपटली तर वळतो. इतक्या वर्षांच्या बारांनी त्याचे कान पार गेले होते आणि ओठ बघून तो बोलणं ओळखत होता. मला कळलंय हे त्यालाही कळलं. "मास्तर, कोनाला सांगू नको. बहिऱ्याच्या हातात बारूद कोन देल?" मी शब्द दिला.

तो शब्द मी वैशाखातल्या एका रविवारी मोडला. पावसाआधी विहीर बांधून व्हायला हवी म्हणून सरपंच घायकुतीला आला होता. पाच बार भरले होते, उडाले, सगळ्यांनी पाच ऐकले, मीही ऐकले. जोमादादाने मूठ उघडली तर त्यात एक खडा होता.

"उद्या," तो म्हणाला.

सरपंचाचा पुतण्या नितीन खालचा दगड उपसायच्या कामावर होता. तो म्हणाला, "आमी समद्यांनी पाच ऐकले. उद्या कशाला?" वाद वाढला, आणि मी, विज्ञानाचा मास्तर, माझ्या दोन धड कानांच्या भरवशावर बोलून गेलो, "दादाला ऐकू येत नाही. पाच झालेत."

त्याने माझ्या ओठांकडे बघितलं. तेवढ्यात नितीनने दोरी ओलांडली. जोमादादाने पहार उचलली आणि त्याच्या नडगीवर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी स्वच्छ ऐकला. मग चारपाच जण जोमादादावर तुटून पडले. बुक्क्या, लाथा, कुणी फावड्याचा दांडा घेतला. त्याने पहार पुन्हा उचलू नये म्हणून त्याचा हात धरून ठेवणारा मी होतो. त्याचा एक दात माझ्या शर्टावर येऊन पडला, तरी मी हात सोडला नाही.

आणि पाचवा बार उडाला.

नारळाएवढे दगड आमच्यावर कोसळले. शाळेची कौलं फुटली, सरपंचाचा खांदा निखळला, दांडा उगारलेला माणूस तोंड झाकून धुळीत बसला. दोरीशीच पडलेला नितीन मोडक्या पायासकट ओरडत होता, म्हणजे जिवंत होता. जोमादादा रांगत गेला, एक दगड उचलला आणि रक्ताने माखलेल्या गालाला लावला. "थंड हाय," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी विहिरीत गुडघाभर पाणी होतं.

त्याचं खरं ठरलं, आम्ही ऐकलेला पाचवा आवाज दुसरीकडचा होता, हे सगळ्यांनी मान्य केलं. नितीनची आई त्याच्या पाया पडून गेली. पण त्यानंतर त्याला कुणीही कामाला बोलावलं नाही. बहिऱ्याच्या हातात कुणी बारूद देईना. माझ्या एका वाक्याने त्याचं काम गेलं आणि तो ते एकदाही बोलला नाही. दर शनिवारी मी त्याच्या ओटीवर जायचो, दोनदा टाच आपटायचो. तो न वळताच म्हणायचा, "ये मास्तर." प्रत्येक वेळी मला लाज वाटायची.

पुढच्या दिवाळीआधी परदेशातल्या लोकांनी चंद्रावर पुन्हा मारा केला. मी ओटीवर खडूने चित्र काढून दाखवलं. पुढे एक धूड जाऊन आदळलं, मागून दुसरं यान त्याच्या धुरळ्यातून पाणी शोधत खाली गेलं.

"मागचा थांबला नाय?"

"नाही. चार मिनिटांनी तोही आदळला."

"चार मिंटं," तो म्हणाला. "पांडूबी तेवराच थांबलेला." खडूच्या रेघेवरून बोट फिरवत त्याने विचारलं, "त्यानं काय पाह्यलं ते सांगला का?"

"आदळेपर्यंत सांगत होता."

"पांडूनं कायच नाय सांगला." डोळे पुसायची त्याने तसदी घेतली नाही. "पानी हाय का नाय ते कलला का मना सांगाला ये."

दिवाळी झाल्यावर बातमी आली. धुरळ्यात पाणी सापडलं होतं. शाळा सुटायची वाट न बघता मी वर्तमानपत्र घेऊन निघालो. त्याच्या अंगणात माणसं बसलेली होती. पहाटे छातीत कळ आली आणि गेला, असं कुणीतरी म्हणालं. आत त्याला जमिनीवर निजवलं होतं. भेगाळलेले अनवाणी तळवे दाराकडे होते. मी चपला काढल्या आणि काय करतोय ते कळायच्या आत दोनदा टाच आपटली. माणसं माझ्याकडे बघू लागली.

उशाशी बसलेल्या दादाच्या बायकोने मान वर केली. "जोरानं मार, मास्तर," ती म्हणाली.

मी जोराने मारली. मग म्हणालो, "दादा, पाणी आहे."