पुंजाजीचे पाय

बडनेऱ्याकडून अमरावतीत शिरणाऱ्या वाटेवर, गाव अर्ध्या कोसावर राहिलं की एक मोठा कडुनिंब लागे. शेठजींच्या पेढीवर कारकून म्हणून रुजू व्हायला मी बडनेऱ्याहून पायी निघालो होतो, तेव्हा त्या निंबाखाली एक उघडावाघडा, घामानं निथळणारा माणूस नवरदेवासारखा नटत बसलेला दिसला. शेजारी गाठोडं सोडलेलं. त्यातून त्यानं आधी एक चामड्याचा रुंद पट्टा काढून पोटाला आवळला. मग घोट्यांत शिसं भरलेले दोन वाळे अडकवले, गळ्यात वाघनख घातलं, आणि शेवटी, तोंड वाकडं करत, विलायती बूट पायांत कोंबले. मग घुंगुरकाठी उचलून तो फेंगडत फेंगडत गावाकडे पळत सुटला. मला वाटलं, कुणी तमासगीर असेल. अर्ध्या तासानं मी पेढीवर पोचलो तर हाच माणूस ओट्यावर उभा, आणि शेठजी चारचौघांना सांगत होते, "पाहा, माझ्या बुटांची करामत! अकोल्याहून तीस कोस, एका दिवसात!"

तो आमचा हरकारा पुंजाजी. तिवशाकडचा, पस्तिशीचा, काटक. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईचा भाव अकोल्याला कळे, आणि अकोल्याचा आम्हाला कळवायचा तो पुंजाजीनं. सरकारी डाकेचे हरकारे दर चार-सहा कोसांवर बदलत. शेठजींचा मात्र दहा हातांवर विश्वास नव्हता, म्हणून चिठ्ठी एकट्या पुंजाजीच्या पागोट्यात असे. पहाटे झुंजुरकाला अकोला सोडायचं, मूर्तिजापूरला विहिरीवर दोन ओंजळी पाणी प्यायचं, कमरेच्या फडक्यातली ज्वारीची भाकर आणि ठेचा चालता चालता खायचा आणि दिवेलागणीच्या आत अमरावती. बसायचं कुठेच नाही. "बसलं का पाय रुसते, पंत," तो म्हणे. "मंग त्यायची समजूत काढा, तेवढ्यात दोन कोस होते."

पैसा आला की माणसाला अकला फुटतात. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या, आणि ज्याला त्याला पुंजाजीला आणखी पळवायची युक्ती सुचू लागली. बूट शेठजींनी मुंबईहून मागवलेले. पट्टा एका दलालाचा. त्यात तांब्याच्या नि जस्ताच्या चकत्या होत्या आणि घाम लागला की त्यातून अंगात वीज शिरते असं तो शपथेवर सांगे. वाघनख एका शिकाऱ्याचं, शिशाचे वाळे वैद्यबुवांचे. ते घालून पळायची सवय केली की काढल्यावर पाय पिसासारखे होतात, असा त्यांचा सिद्धांत होता. स्वतः वैद्यबुवा घरून देवळात जायलाही छकडा जुंपायला लावत, ही गोष्ट वेगळी. एका पहिलवानानं तर त्याला पहाटे बदाम, खारका आणि पावशेर तूप चारून तोंडात पाण्याची गुळणी धरून पळवलं. गुळणी गिळायची नाही, म्हणजे दम टिकतो म्हणे. पुंजाजीनं वेशीपर्यंत गुळणी सांभाळली आणि वेशीबाहेर गुळणीसकट बदाम, खारका, तूप सगळं ओकून टाकलं. परत येऊन पहिलवानाला मात्र म्हणाला, "भल्ला फरक वाटला, उस्ताद."

कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिभेवर नव्हतंच. पण तो मूर्खही नव्हता. जो तो देईल ते हात जोडून घ्यायचं, गाव संपलं की गाठोड्यात बांधायचं, तीस कोस आपल्या उघड्या पायांनी पळायचं आणि निंबाखाली येऊन पुन्हा सगळं अंगावर चढवायचं, ही त्याची रीत. कुणाच्या दारावरून जाताना काय दिसलं पाहिजे, हे त्याला पाठ होतं. निंबाखालचं ते सोंग मी पाहिलंय हे कळल्यावर तो आधी ओशाळला, मग हसला.

"अरे पण गाठोड्याचं ओझं वागवण्यापेक्षा सरळ नाही म्हण ना!" मी म्हणालो.

"ओझ्याचं काय, पंत? पाय दुखला त बरा होते. मान्साचं मन दुखलं त मंग थे बरं होत नाही."

"भीड ही भिकेची बहीण, पुंजाजी."

"असन. पन बहीन हाय, त तिले घराबाहेर कसं काढू?"

या माणसापुढे माझी विद्या चालत नसे. मी त्याच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, जिभेचा तिखट, आणि गावातल्या या सगळ्या शहाण्यांची पेढीवर बसून नक्कल करण्यात पटाईत. पुंजाजी भिंतीला टेकून पोट धरून हसे. एकदा हसता हसता म्हणाला, "तुमीच एक असे हा पंत, का तुमच्यासाठी मले काही घालावं लागत नाही." मला त्या वाक्याचा फार अभिमान वाटला. मी ते घरी आईला सांगितलं, मित्रांना सांगितलं. त्याच्या मागे दुसरंही काही असेल, असं तेव्हा डोक्यात आलं नाही.

पुढे अकोल्यापासून तारेचे खांब उभे राहू लागले. पुंजाजी प्रत्येक खेपेला त्यांच्या बाजूनं पळे आणि किती नवे रोवले ते मला येऊन सांगे. एक दिवस त्यानं विचारलं, "पंत, तार धावन, त मंग मी काय करू?" त्याच सुमारास एका पंगतीत आमचे शेठजी आणि अकोल्याचे व्यापारी यांच्यात कुणाचा हरकारा भारी यावरून जुंपली, आणि होळीच्या आधी अकोला ते अमरावती शर्यत ठरली. शेठजींनी भर पंगतीत शब्द दिला की पुंजाजी जिंकला तर तिवशाच्या शिवारातली दहा बिघे काळी जमीन त्याची.

पुंजाजीची बायको रुखमा त्याच जमिनीत दुसऱ्याचा कापूस वेचायला जात असे. पुंजाजी मला सुटीच्या दिवशी मुद्दाम तिकडे घेऊन गेला. बांधावरून त्यानं सबंध तुकड्याला फेरी घातली, मग मधोमध जाऊन उभा राहिला. "पाहा पंत, पाऊस पडला का इथं घोट्यापर्यंत पाय रुतते. जलमभर पळालो, मले रुतलेले पाय कसे आवडन?" आणि स्वतःच म्हणाला, "आवडन. आता बस झालं पळनं."

शर्यत त्याची होती असंच सगळे धरून चालले होते. मीही. पण शर्यतीच्या आठ दिवस आधी पेढीच्या कामानं मी अकोल्याला गेलो आणि तिथे त्यांचा हरकारा पाहिला. विशी-बाविशीचा पोरगा खाटेवर पालथा पडला होता आणि त्याचा उस्ताद त्याच्या तळव्यांना बिबव्याचं तेल चोपडत होता. तळवे काळेकुट्ट, नालासारखे टणक. उस्ताद म्हणाला, "बिबव्यानं तळवे पक्के केले, आता काटा टोचला तर काटा मोडन." पुंजाजीच्या टाचांना त्या दिवसांत भेगा पडल्या होत्या, आणि पेढीच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर कधीकधी रक्ताचे ठिपके दिसत. त्या ठिपक्यांकडे पाहून माझा जीव तुटे. सगळ्या गावाच्या युक्त्यांना हसणारा मी परतीच्या वाटेवर मूठभर बिबवे घेऊन आलो.

शर्यतीला सहा दिवस होते. मी पुंजाजीला घरी बोलावलं, पणती लावली, दाभणाला बिबवा टोचून ज्योतीवर धरला. तेल टपकायला लागलं. त्यानं बिबव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पंत, हे तुमी सोता आणलं?"

"स्वतः. अकोल्याचा पोरगा हेच करतोय. तुला हरू द्यायचं नाही मला."

"माह्यासाठी?"

"मग काय माझ्यासाठी?"

त्यानं आधी तळवे धोतराला पुसले. मग त्यानं दोन्ही पाय माझ्यापुढे लांब केले आणि म्हणाला, "मंग लावा."

भेगांपुरतं लावतात सगळे. मी सबंध तळवा भरून लावलं, दोन्ही पायांना, अगदी बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. इतरांच्या वस्तू गाठोड्यात बांधता येत होत्या. माझी येत नव्हती.

दोन दिवस तो पेढीवर फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी शेठजींची बैलांची दमणी त्याला अकोल्याला घेऊन निघाली तेव्हा फाल्गुनाचं ऊन चढलेलं असूनही तो पायांवर घोंगडी ओढून बसला होता. मी विचारलं, "तळवे कसे आहेत?" तो म्हणाला, "मस्त. तुमी चिंता नोका करू." त्याचं तोंड उतरलेलं होतं. मला वाटलं, शर्यतीची धास्ती.

शर्यतीच्या दिवशी पेढीसमोर मांडव, ताशे, पेढ्यांच्या पराती. उन्हं कलायच्या आधीच घुंगरांचा आवाज आला. अकोल्याचा पोरगा होता. ताशे वाजायचे की नाही हे वाजवणाऱ्यांना कळेना. पुढे दोन घटका, चार घटका, कुणीच आलं नाही. मग शहाण्यांनी तोंडं उघडली. दलाल म्हणाला, पट्टा सैल आवळला असणार. वैद्यबुवा म्हणाले, वाळे शर्यतीत काढायचे असतात हे त्याला कितीदा सांगितलं. पहिलवानाच्या मते तूप कमी पडलं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही बोललो नाही.

मला राहवेना. मी बडनेऱ्याच्या वाटेला लागलो. सूर्य बुडताना निंबाखाली तो दिसला. गाठोडं सोडलेलं, पोटाला पट्टा आवळलेला, गळ्यात वाघनख. हातात बूट घेऊन तो पायात चढवायचा प्रयत्न करत होता. पाय कुठले, दोन फुगलेले, सोललेले गोळे होते ते. धूळ आणि फोडांचं पाणी एक होऊन चिखल झाला होता. तसल्या पायांनी हा माणूस तीस कोस आला होता.

मला पाहताच तो कसनुसा हसला. "बूट चढून नाही रायले, पंत. शेठजीले काय सांगू?"

मी त्याच्या पायांशी बसलो. "बिब्बा उतला ना तुला?"

"लहानपनापासूनच सोसत नाही मले. झाडाखालून गेलो तरी आंग फुगे."

"तुला ठाऊक होतं? मग सांगितलं काहून नाही रे? नुसतं नको म्हणायचंस!" मी ओरडलो. मला रडू फुटलं होतं.

तो बुटाची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. "सारं गाव मले काही ना काही देत रायलं. तुमी कदीच काही देल्लं नाही. मी म्हनो, पंतायले आपल्याबद्दल काही वाटत नसन. अन् तुमी पयल्यांदा आणलं. मी नाही कसं म्हनू?"

मी त्याला पाठीवर घेऊन गावात आणलं. शेठजी वाईट नव्हते. नशीब म्हणाले आणि आत गेले. जमीन पंगतीतल्या शब्दाप्रमाणेच जिंकण्यावर होती, तेव्हा ती गेली. पाय महिन्या-दोन महिन्यांनी भरून आले, पण उजव्याची बोटं आखडली ती कायमची. पावसाळा संपायच्या आत तार आली. बिबव्याची गोष्ट पुंजाजीनं कुणाला सांगितली नाही, आणि मीही सांगितली नाही. त्याच्या गप्प बसण्याला मोठेपणा म्हणता येईल. माझ्या गप्प बसण्याला काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे.

पाच-सहा वर्षांनी मी तिवशाला गेलो. तोवर लढाई केव्हाच थांबली होती, कापसाचा भाव उतरला होता आणि शिंगांच्या शेंब्याही उतरल्या होत्या. पुंजाजी त्याच दहा बिघ्यांत दुसऱ्याच्या ज्वारीची राखण करत होता. रुखमा मला बांधावरच भेटली. मला पाहून तिनं पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "पंत, बसा, बोला. पन त्यायले काही देऊ नोका. ते नाही म्हनत नाहीत." मी मान डोलावली. माझ्या पिशवीत तिळाच्या तेलाची बाटली होती. आखडलेल्या पायांना बरं म्हणून एका जाणत्यानं दिली होती.

पुंजाजी राखणीच्या माळ्याखाली बसला होता. केस पिकले होते, गोफण मांडीवर होती. खूप वेळ आम्ही बोललो. तारेबद्दल, आगगाडीबद्दल, वैद्यबुवा वारले त्याबद्दल. मी पिशवी पाठीमागे सारली तशी त्याची नजर तिकडे गेली.

"काय आणलं, पंत?"

"काही नाही."

"आणलं असन. तेल हाय ना? वास येऊन रायला."

"पुंजाजी," मी म्हणालो, "खरं सांग. तिळाचं तेल सोसतं का तुला?"

हा प्रश्न मी सहा वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. त्यानं क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पूर्वीसारखाच हसला.

"तुमी आणलं, म्हंजे सोसनच," असं म्हणून त्यानं दोन्ही पाय माझ्यापुढे लांब केले.

मी बाटली बाहेर काढली नाही. ते पाय मांडीवर घेतले आणि ऊन उतरेपर्यंत रिकाम्या हातांनी चेपत बसलो.