सान रोके गुणगुणला त्याची गोष्ट

मानोंग तेरिओला (मानोंग म्हणजे आमच्याकडे दादा) ड्रम वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या हातात काठ्या दिल्या की उजवा हात जत्रेला निघतो आणि डावा मयताला. पण आमच्या पुंताबायच्या बँडमध्ये, आजूबाजूच्या गावांच्या बँडांत, शाळेच्या पोरींच्या पथकात जेवढे म्हणून साइड ड्रम वाजतात, ते सगळे कधी ना कधी याच्या ओसरीवर उताणे पडून गेलेले आहेत.

पूर्वी तो जीपनी, म्हणजे प्रवाशांची नटवलेली लांब जीप, चालवायचा. गुडघे गेले तशी जीपनी विकली, पण विकण्याआधी बॉनेटवरचे चकचकीत घोडे आणि आरसे गुपचूप उतरवून ठेवले. घेणाऱ्याने घोड्यांची चौकशी केली तर म्हणाला, चरायला गेलेत. ते घोडे पुढे एकेका ड्रमच्या कडेवर उगवले. शाळेच्या पथकातल्या पोरींना विचारा, घोडा असलेला ड्रम कुणाच्या गळ्यात जाणार यावरून झिंज्या ओढल्या गेल्या होत्या.

काम मात्र तो मन लावून करायचा. पितळेला पोचा आला असेल तर वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने आतून हळूहळू बाहेर काढायचा, चढलेला हिरवा राप चिंचेच्या कोळाने उतरवायचा. मग उघडा ड्रम काचेवर पालथा घालून आत दिवा सोडायचा आणि ओसरीवर पोटावर पडून कडेभोवती डोळा फिरवायचा. जिथून उजेड गळतो तिथे कड बसलेली. मग बाकीची कड घासून तिच्या पातळीला आणायची. हे चालू असताना त्याला ओलांडून ये-जा करावी लागे, आणि कुणाचा पाय लागला तर तो दिव्याचीच क्षमा मागायचा.

शेवटी तारा. साइड ड्रमच्या खालच्या पानाला, म्हणजे ताणलेल्या कातड्याला, तारांची एक पट्टी असते. बाजूचा खटका वर केला की ती पानाला चिकटते आणि ड्रम चर्र करून बोलतो. खटका खाली केला की मुका. खटका वर असला, की त्याला काठी लावायचीही गरज नसते. जवळपास कुणी त्याच्या सुरात आवाज काढला की आपोआप झिणझिणायला लागतो. म्हणून ड्रम नेणाऱ्या प्रत्येक पोराला मानोंगचा एकच मंत्र असे: "ठेवताना खटका खाली. चूल जळती ठेवून घर सोडता का रं?"

आता हा सूर तो कुठून आणायचा, तर बायकोकडून. मानांग, म्हणजे ताई, कोन्सिंग मासळीबाजारात बसते. तिचा आवाज या टोकाला लागला तर त्या टोकाचे खेकडे टोपलीत परत शिरतात. ती स्वयंपाकघरातून "तेरिओऽऽ" अशी हाक मारते तेव्हा शेवटच्या अक्षरावर ज्या उंच सुराला जाते, त्या सुराला ड्रम झिणझिणेपर्यंत मानोंग पान आवळत जायचा. ड्रम लावायचा असला की मुद्दाम काहीतरी आगळीक करायचा. दूध उतू जाऊ द्यायचा, कोंबडी घरात सोडायचा. हाक आली की कान लावायचा, एक स्क्रू पिळायचा, म्हणायचा, "अजून एकदा वरडली तर बरं हुईल."

कोन्सिंगचं दुखणं वेगळंच होतं. घरातली वस्तू जागेवर राहत नव्हती. तिच्या शिलाई मशीनच्या खणांच्या मुठी ड्रमच्या खटक्यांना बसल्या. न्हाणीतला मोत्यासारखा चमकणारा पडदा एका ड्रमला गुंडाळला गेला. आणि जेव्हा लग्नातल्या झग्याची लेस तिला बँडच्या मिरवणुकीत, एका पोराच्या पोटावर, समोरून चालत येताना दिसली, तेव्हा तिने हातातला सुरा खाली ठेवून घर गाठलं. ती ओरडली नाही. त्यानेच मानोंग घाबरला. ती म्हणाली, यापुढे माझी एक वस्तू जरी ड्रमवर दिसली, तर भिंतीवरचे सगळे ड्रम भंगारवाल्याच्या गाडीवर जातील, आणि गाडी मी ढकलीन. भिंतीवर तेव्हा त्याचे स्वतःचे म्हणून राखलेले कितीतरी ड्रम होते. एकेकाला नाव होतं. मानोंगने सान रोकेची शपथ घेतली.

सान रोके आमचा गावदेव म्हणा हवं तर. मांडीवरची जखम दाखवत उभा असलेला संत, पायाशी त्याचा कुत्रा. ऑगस्टमध्ये त्याचा सण. त्या वर्षी सणाआधी बँडचा सगळ्यात जुना पितळी ड्रम जीपनीच्या टपावरून पडला आणि मागच्या ट्रकखाली गेला. मी बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो आणि मानोंगच्या शेजारी राहतो, म्हणून तो रोटीसारखा झालेला ड्रम पोत्यात घालून मीच आणला.

मानोंगने तो फुगवून उभा केला. पण पितळेवरचे व्रण जाईनात. मिरवणुकीत सगळ्यात पुढे असा देवी आल्यासारखा चेहरा कसा न्यायचा? झाकायला काहीतरी हवं होतं, उजेड पडला की चमकणारं. माळ्यावर खोक्यात कोन्सिंगचा नाताळचा कंदील होता. कापिझ नावाच्या पातळ, उजेड आरपार जाणाऱ्या शिंपल्यांचा, तारेच्या आकाराचा, तिच्या आईने दिलेला. नाताळ आमच्याकडे सप्टेंबर लागला की सुरू होतो. तोवर ते खोकं कुणी उघडत नाही. मानोंगने हिशोब केला: सण ऑगस्टमध्ये, खोकं सप्टेंबरात, मधल्या दिवसांत रोहास शहरात जाऊन दुसरा कंदील आणून ठेवू. शिंपल्या मला दाखवल्या तेव्हा मी म्हणालो, मानोंग, ही भंगाराची गाडी मला आत्ताच दिसतेय. तो म्हणाला, तुझा ट्रॉम्बोन फुंक.

ड्रम असा झाला की बघत राहावं. शिंपल्या अंगावर बसवताना त्याने कंदिलाची नक्षी जशीच्या तशी ठेवली होती, पाकळी पाकळीला. उजेडात फिरवला की पाण्यात चंद्र हलावा तसा.

आणि नेमका त्याच दिवशी सान रोके त्याच्या घरी आला.

सणाआधी मूर्ती एका घरी बसते, तिथे रोज संध्याकाळी बायका प्रार्थना गातात. त्या वर्षी चिठ्ठी निघाली मानोंगच्या घराची. तो ओसरीवर ड्रमवर फडका मारतोय आणि गल्लीच्या तोंडाशी बायका मूर्ती घेऊन येताहेत. सगळ्यात पुढे कोन्सिंग. बाकी ड्रम भिंतीवर उघडे, त्यांत हा लपण्यासारखा नाही, आणि माळ्याची शिडी बाहेर. पांढरा अभ्रा जमिनीपर्यंत सोडलेलं मूर्तीचं टेबल तेवढं तयार होतं. मानोंगने ड्रम टेबलाखाली सरकवला आणि हात जोडून उभा राहिला. जन्मभर सगळ्यांना जे सांगितलं, तेच तो विसरला. खटका वर राहिला.

सांज झाली. मानांग पेतांग या आमच्या प्रार्थनेच्या पुढारी. संतांच्या घरातल्या भानगडीसुद्धा त्यांना पाठ. त्यांनी सुरुवात केली, बायकांनी उचललं. काही झालं नाही. मग कडव्याच्या शेवटी जिथे सूर वर जातो तिथे इतरांचा दम संपला आणि एकट्या कोन्सिंगचा आवाज उरला. तोच, "तेरिओऽऽ"मधला. आणि सान रोके गुणगुणला.

बायका थांबल्या. पेतांग म्हणाल्या, पुन्हा. पुन्हा सगळ्या गायल्या, पुन्हा कोन्सिंग वर गेली, पुन्हा मूर्तीच्या पायातून बारीक झिणझिण आली. एकजण म्हणाली, कुत्रा गुरगुरला. पेतांगनी तिच्याकडे असं बघितलं की ती पुढे कित्येक दिवस कुत्र्याचं नाव काढेना.

सकाळपर्यंत गावभर झालं. दुपारी शेजारच्या गावातून तीनचाकी ट्रायसिकली माणसांनी भरून आल्या. दारात उकडलेल्या भाताच्या पुड्या आणि माडी विकणारे बसले. आणि कोन्सिंग, जिला बाजारात लोक भाव करायला घाबरत, तिच्यापुढे बायका मुलं आणून ठेवायला लागल्या, कारण संत उत्तर देत होता ते फक्त तिला. तिने चांगला पोशाख काढला, केसांना तेल लावलं आणि लोक म्हणतील तेव्हा गायला लागली. वरचा सूर दर वेळी थोडा जास्त लांबवायची आणि लांबवताना डोळ्याच्या कोपऱ्यातून नवऱ्याकडे बघायची. मला वाटलं, भक्तीने बघतेय.

मानोंगचं तोंड चिंचेचा कोळ प्यायल्यासारखं झालं होतं. ड्रम काढावा तर मूर्तीला एकटं सोडायची पद्धत नाही. कुणी ना कुणी तिथे माळ ओढत बसलेलंच. तो अभ्रा बदलतो म्हणून पुढे झाला तर पेतांगनी हातावर चापट मारली, संताचे कपडे बायका बदलतात. मग त्याने मला पकडलं. सण तोंडावर आलेला, बँडलाही ड्रम हवा, म्हणून मी तयार झालो. मी माळ जपताना ती हातातून टेबलाखाली सोडली आणि तिच्यामागे रांगत गेलो. खटक्याला बोट लागतंय तोच बाहेर कोन्सिंगने सूर लावला. माझ्या कानाशी ड्रम असा कडाडला की मी दचकून उठलो, डोकं टेबलाला आपटलं आणि वर सान रोके गदगदा हलला. बाहेर आलो तर सगळ्या गुडघ्यांवर. संत नाचला होता.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, पाद्रे आज संध्याकाळी येणार. पाद्रे तरुण, नवे, असल्या प्रकरणांचा त्यांना धसका. ते स्वतः ऐकणार, मूर्ती तपासणार, टेबल हलवणार. मानोंगने मला कोपऱ्यात घेतलं.

"आज कबूल करतो, तिनोंग," तो म्हणाला. "पाद्रेंच्या देखत टेबलाखालनं निघण्यापरीस आपल्या तोंडानं बरं. तू भंगारवाल्याला सांगून ठेव, गाडी मऊ चिंध्या घालून आण म्हणावं."

घर खच्चून भरलेलं. पाद्रे आले, पंख्याखाली उभे राहिले, रुमालाने मान पुसली. मानोंग एक पाऊल पुढे टाकून घसा खाकरतो आहे, एवढ्यात कोन्सिंग फुलदाणी घेऊन उठली. मूर्तीपुढे वाकली. फुलदाणी खाली ठेवताना तिचा दुसरा हात अभ्र्याखाली गेला, आणि खट् झालं. त्या भरल्या घरात तो आवाज ओळखणारे आम्ही दोघेच. मानोंग तोंड उघडं ठेवून तसाच राहिला.

"गाऊ का, पाद्रे?" कोन्सिंगने विचारलं.

ती गायली. इतकी उंच, इतकी लांब गायली की पाद्रेंनी डोळे मिटले. सान रोके गप्प. पुन्हा गायली. गप्पच. पाद्रेंनी मोठा श्वास सोडला, पंख्याकडे बोट दाखवून जुन्या पंख्याबद्दल चार शब्द बोलले, आशीर्वाद दिला आणि टेबलाला हात न लावता निघाले. ते दाराबाहेर पडताच पेतांग म्हणाल्या, "परक्या माणसापुढं कोण गातंय? लाजला."

सणाच्या सकाळी मूर्ती खांद्यावर घेऊन बायका निघून गेल्या. घरात आम्ही तिघंच. कोन्सिंगने अभ्रा उचलला, ड्रम बाहेर ओढला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवला. मानोंग भिंतीला पाठ लावून उभा होता, पसरलेल्या हातांनी जमेल तेवढे ड्रम झाकत.

"आईचा कंदील," ती म्हणाली.

"व्हय, इंदाय," तो बायकोच्या लाडक्या नावाने म्हणाला.

"एक पाकळी फुटली."

"खालच्या अंगाला लावलीय. तारांच्या बाजूला. कुणाला दिसत न्हाय."

"मला दिसतीय." तिने ड्रम पुन्हा फिरवला. "नक्षी न्हाय मोडलीस."

"ती कशी मोडीन?"

मी मध्येच विचारलं, मानांग, तुला कधी कळलं. ती माझ्याकडे वळली.

"पयल्याच सांजेला. लगीन झाल्यापासनं हा माझ्या वरडण्यावर ड्रम लावतोय. माझा आवाज मला परत आला तर वळखू येणार न्हाय व्हय? आन संत कंच्या सुरात गातील त्ये मला ठाव न्हाय, पर माझ्या सुरात गाणार न्हाईत, एवढी अक्कल हाय."

"मग एवढे दिवस?"

"एवढे दिवस हा घाम गाळत हुता," ती समाधानाने म्हणाली. "बाजारात कुणी मला कधी मावशी म्हनलं न्हाय, हितं पाया पडत हुते. का सोडू?"

तिने ड्रम माझ्या हातात दिला, बँडमध्ये पुढे घ्या म्हणाली. मग नवऱ्याकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले.

"ऱ्हाऊ देत ड्रम," कोन्सिंग म्हणाली. "समदे ऱ्हाऊ देत. पर खटके वर."

मानोंगने डोळे उघडले. त्याने दुसरी कुठलीही शिक्षा मागितली. माडी सोडतो म्हणाला, बाजारात बसून मासे साफ करतो म्हणाला. तिने फक्त गल्लीत भंगारवाल्याची घंटा वाजतेय का म्हणून कान दिला. मानोंग भिंतीकडे वळला आणि आपल्या हातांनी एकेक खटका वर करत गेला.

त्या दिवशी मिरवणुकीत आमचा ड्रम सगळ्यात पुढे होता. ऊन पडलं की घरांच्या भिंतींवर चांदणं हलायचं. पेतांग शेजारणीला सांगत होत्या, हा ड्रम संताच्या पायाशी होता, त्याचा गुण लागलाय. त्यात खोटं काहीच नव्हतं.

सप्टेंबर लागताच कोन्सिंगने तो ड्रम बँडकडून मागून घेतला आणि कंदिलाच्या जागी खिडकीत टांगला. वाजवायला हवा असला की बँडमास्तर येऊन तिची परवानगी घेतात. घरात आता सगळ्या ड्रमचे खटके वर असतात. ती जेवायला हाक मारते तेव्हा भिंतही हाक मारते. परवा मानोंग माडीच्या गुत्त्यावरून आला आणि चर्चमधून आलो असं सांगायला लागला. ड्रम ऐकतील म्हणून अगदी कुजबुजत सांगत होता. कोन्सिंगने पूर्ण ऐकून घेतलं, मग नुसतं विचारलं, "तेरिओऽऽ?"

सबंध भिंतीने चर्रकन तेच विचारलं. मानोंग खाली बसला आणि किती ग्लास घेतले ते सांगायला लागला.