अडीअडचणीची गंगाजळी

आमची संस्था छोटी, गावरान ज्वारीचं बियाणं जपणारी. उन्हाळ्यात विहीर आटली, तेव्हा बियाण्याचा प्लॉट राखणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या, "दोन टँकर पाणी द्या, बी वाचंल."

"गंगाजळीला हात लावायचा नाही," अध्यक्ष म्हणाले. "ती अडीअडचणीसाठी आहे."

आम्ही कार्यकारिणीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्वारी उभ्या जागी करपली.

काल वार्षिक सभेत गंगाजळीची बँकेतली ठेव वाढल्याचं ऐकून टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरात राखलेलं गंगेचं पाणी निदान मरणाऱ्याच्या तोंडी तरी पडतं. आमची गंगाजळी तेव्हाही उघडली नाही.

चहाच्या वेळी शेवंताबाईंनी विचारलं, "आता पेरायचं काय, साहेब? ठेवीची पावती?"

माझीच मला शिसारी आली.