थंड इंजिनाची थरथर

"मिस्त्री, हिची रेस कमी करून द्या, नाहीतर मी गाडीच विकतो," अप्पा म्हणाले. लातूरच्या माझ्या गॅरेजात गाडी लावून बॉनेटही त्यांनीच उघडलं होतं. अडत्याला घाई फार.

गाडी जुनी, कार्बोरेटरची. बिघाड काही नव्हता. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून पेट्रोल जास्त द्यायचं. त्यानं इंजिन उभ्या गाडीतही जोरात फिरतं. त्यालाच आम्ही रेस म्हणतो. तापलं की चोक आत ढकलायचा. हे सगळं समजावलं.

"ते खरं हाय हो हमीदभाई. पण गाडी चालू झाली की आव्वा पळायलीय."

आव्वा म्हणजे त्यांच्या आई. भूकंपात गाव गेलं, तेव्हापासून मुलाकडे. गाडीचं शेड पत्र्याचं, त्यांच्या खोलीला चिकटून. गल्लीत क्लासच्या पोरांच्या सायकली, म्हणून गाडी आतच. पहाटे अप्पा धान्यबाजारात, मोंढ्यावर निघाले की फळीवरची भांडी वाजत. बारावीच्या अभ्यासाला बसलेल्या नातीला, सुमनला, आव्वा मनगट धरून अंगणात ओढून आणत. परीक्षा तोंडावर आली होती.

अप्पा ऐकेनात, म्हणून स्क्रू फिरवून रेस उतरवली. दुसऱ्या दिवशी अप्पा हजर. "आता तर लईच हलायलीय."

हलणारच. थंड इंजिनाची रेस उतरवली की आवाज कमी होतो, पण ते धडधडतं आणि बंद पडतं. पुन्हा चालू करा, पुन्हा तेच. आगीतून फुफाट्यात.

मग मी पहाटे घरीच गेलो. अप्पांनी चोक ओढला. भांडी वाजली. आव्वा अनवाणी बाहेर आल्या, मागे सुमन, हातात पुस्तक. आव्वा भिंतीकडे बघत राहिल्या. सुमन उभ्या उभ्या वाचू लागली. मला ते बघवेना.

"माझ्या बहिणीची पोर आव्वाजवळ झोपायची," अप्पा हळू म्हणाले. "त्या रात्री तिचा हात सुटला."

मी रेस पूर्ववत केली. इंजिनाखालची झिजलेली रबरं बदलली. म्हटलं, "अप्पा, गाडी ढकलत कोपऱ्यावर न्या आणि तिथं चालू करा." आजूबाजूची माणसं हात लावू लागली. भांडी वाजायची थांबली.

पुढे अप्पा मोंढ्यात भेटले. मी विचारलं, "आव्वा पळत नाहीत ना आता?"

"न्हाई. आता अंधारातच उठून सुमनचा हात धरून बसायलीय. म्हणती, हलायच्या आधीच धरलेला बरा."

"आणि अभ्यास?"

"पोरगी डाव्या हातानं लिहायला शिकायलीय."

हलणारी गाडी शांत करता येते. हलण्याची वाट बघत बसलेल्या माणसाला लागेल असा पाना आमच्याकडे नाही.